पहिली दीड मिनिटं

स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला तेव्हा मी ३९ वर्षांची होते. ऐकताना मनात आलं, ही बाई प्रवासात शेजारी येऊन बसली असती तर मी खिडकीबाहेर बघायला लागले असते.

रेकॉर्डिंगमधला आवाज कुणालाच आपला वाटत नाही. बोलताना आपला आवाज हवेतून कानात येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही आतल्या आत पोहोचतो, आणि हाडं खालच्या पट्टीतला आवाज जास्त चांगला वाहून नेतात. त्यामुळे स्वतःच्या कानाला आपण भारदस्त वाटतो. बाकीच्यांच्या वाट्याला फक्त हवेतला आवाज येतो. पण आवाज पातळ निघाला हे त्या दिवशीचं माझं सगळ्यात लहान दुःख होतं.

आमच्याकडे नवीन स्वयंचलित पॅकिंग मशीन आली तेव्हा ऑपरेटरांना ती शिकवायला बाहेरचा माणूस न आणता आपल्यातलाच कुणीतरी तयार करायचा असं ठरलं, आणि बोट माझ्याकडे वळलं. मी १४ वर्षं मशीनवर आणि मशीनच्या आसपास काढली होती, आधी ऑपरेटर म्हणून, मग लाइन सुपरवायझर म्हणून. मशीन मला येत होतं. शिकवणं म्हणजे येत असलेलं मोठ्याने सांगणं, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती. मग मला पाच दिवसांच्या शिबिराला पाठवलं, जिथे प्रशिक्षक व्हायचं प्रशिक्षण देतात. आम्ही नऊ जण होतो.

पहिल्याच सकाळी, काहीही न शिकवता, शिबिर घेणाऱ्या बाईंनी एकेकाला उभं केलं. ‘तुमचं सत्र सुरू झालंय असं समजा. दीड मिनिट बोला.’ समोर फोन ठेवलेला. नव्वद सेकंद झाले की त्या हात वर करायच्या, वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. दुपारचं काम असं की आपलं बोलणं ऐकून कागदावर जसंच्या तसं उतरवायचं. ‘अं’, ‘हं’, अर्धवट सोडलेला शब्द, काही गाळायचं नाही. माझ्या पहिल्या पाऊण मिनिटाचा मजकूर असा होता:

‘हां, तर नमस्कार… मागे आवाज येतोय ना? तर म्हणजे, मला आज तुम्हाला या नवीन मशीनबद्दल सांगायला सांगितलंय. म्हणजे मी काही त्यातली फार मोठी एक्सपर्ट वगैरे नाहीये, पण जेवढं माहितीये तेवढं सांगायचा प्रयत्न करेन. विषय तसा थोडा कोरडाच आहे. म्हणजे, सेफ्टी वगैरे, तुम्हाला माहितीच आहे सगळं. फार वेळ घेणार नाही तुमचा. तर, अं… सुरू करू या का? ठीक आहे? ठीक आहे.’

बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, ‘सत्र किती वेळाचं आहे?’

‘तीन तासांचं.’

‘म्हणजे पहिल्या मिनिटातच तुम्ही खोटं बोललात.’

मी म्हटलं, अहो, असं म्हणायची पद्धत असते. विनय असतो तो. त्या म्हणाल्या, ‘विनय असेल तर समोरच्याला मोठं वाटायला हवं. तुमचं ऐकून मला वाटलं, या बाईंना इथून लवकर सुटायचंय.’ मग त्यांनी पेन्सिलीने एकेक शब्द दाखवला. ‘सांगायला सांगितलंय’, म्हणजे तुम्ही स्वतःहून आलेल्या नाही. ‘कोरडाच आहे’, म्हणजे कंटाळायची परवानगी तुम्हीच देऊन टाकलीत. ‘तुम्हाला माहितीच आहे’, मग त्यांनी यायचं कशाला? आणि शेवटचं ‘ठीक आहे? ठीक आहे.’ यात प्रश्न तुमचा, उत्तरही तुमचंच. समोरची माणसं यात आली कुठे?

मला राग आला. राग येण्याचं कारण घरी जाताना कळलं. त्या कागदावर एकही वाक्य ऑपरेटरांसाठी नव्हतं. सगळी वाक्यं माझ्याच धाकधुकीसाठी होती. सत्र फसलं तर माझ्याकडे बोट येऊ नये, याची तजवीज मी आधीच करून ठेवली होती.

बाईंची स्वतःची सुरुवात मला आजही पाठ आहे. आम्ही एकेक करून आत आलो तेव्हा त्या दाराशीच होत्या, प्रत्येकाशी एखाद-दुसरं वाक्य बोलत होत्या, नाव विचारून घेत होत्या. एकाचं नाव नीट ऐकू आलं नाही तर ‘पुन्हा एकदा सांगता?’ म्हणून त्यांनी ते स्वतः उच्चारून बघितलं. पुढे पाच दिवसांत त्यांनी ते एकदाही चुकवलं नाही. सगळे बसल्यावर त्या समोर आल्या, काही क्षण नुसत्या बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आज इथे यायची इच्छा नव्हती असे किती जण आहात? खरं सांगा.’ नवांपैकी सहा हात वर आले. एक माझा. त्यांनी विचारलं, ‘कोणतं काम सोडून आलात?’ आम्ही सांगितलं ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आणि म्हणाल्या, ‘साडेपाचला सोडते.’ साडेपाचला सोडलं. मी खुळावलेच. ती सुरुवात आपणही वापरायची असं मनात पक्कं केलं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एका गृहस्थांनी ती सुप्रसिद्ध टक्केवारी काढली. संवादात शब्दांना फक्त ७ टक्के महत्त्व, आवाजाला ३८ आणि देहबोलीला ५५. मग शब्दांवर एवढा कीस कशाला पाडायचा? ही टक्केवारी मी स्वतः किमान तीन प्रशिक्षणांत स्लाइडवर पाहिली होती आणि माझा तिच्यावर विश्वास होता. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी गृहस्थांना पुढे बोलावलं, एक चिठ्ठी हातात दिली आणि म्हणाल्या, ‘यातली सूचना एकही शब्द न वापरता सांगा.’ चिठ्ठीत होतं, तिसरा व्हॉल्व्ह डावीकडे अर्धा फेरा फिरवा आणि दाब खाली येईपर्यंत थांबा. गृहस्थांनी हात फिरवले, तीन बोटं दाखवली, खाली बसले, उठले. आमच्यापैकी एकाला वाटलं की ते तीन मजले खाली जायला सांगतायत.

मग बाईंनी त्या आकड्यांची जन्मकथा सांगितली. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर केलेले दोन प्रयोग त्यामागे आहेत. त्यांत सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याची भावना काय वाटते, आवड की नावड. शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, अशा वेळी माणूस सुरावर विश्वास ठेवतो, इथपर्यंत ते आकडे खरे. मशीन कसं चालवायचं हे सांगताना त्यांचा काही उपयोग नाही. मेहराबियन यांनी स्वतःही हे स्पष्ट केलेलं आहे. पण स्लाइडवर तेवढी जागा नसते.

त्याच दिवशी आणखी एका प्रयोगाची गोष्ट निघाली, तिने मी जास्त अस्वस्थ झाले. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थल या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये काही शिक्षकांच्या वर्गातल्या छोट्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या, अर्ध्या मिनिटाच्या आणि त्याहूनही लहान. त्या लोकांनी शिक्षकांना जे गुण दिले ते शैक्षणिक सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. आणि त्या चित्रफितींना आवाज नव्हता. मी म्हटलं, मग आम्ही बोलायची तयारी कशासाठी करतोय? बाई म्हणाल्या, ‘लोक तुमच्याबद्दल मत किती लवकर बनवतात ते यातून कळतं. ते मत बरोबर असतं असं कळत नाही. आणि शिक्षक आवडला म्हणजे विषय समजला, हे तर मुळीच नाही.’ मग त्यांनी ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांचं २०१४ सालचं काम सांगितलं. अनोळखी माणसांनी उच्चारलेला नुसता ‘हॅलो’ ऐकवला, एका सेकंदाच्या आतला, आणि ऐकणाऱ्यांना विचारलं की हा माणूस विश्वासू वाटतो का, दुसऱ्यावर छाप पाडणारा वाटतो का. ऐकणाऱ्यांची मतं एकमेकांशी जुळली. बोलणारी माणसं खरोखर तशी होती का, हा प्रश्न त्यात नव्हताच.

म्हणजे छाप पडायची ती पडणार, आपण अजून घसा साफ करतोय तोवर. हे कळल्यावर मला उलट हलकं वाटलं. ‘हॅलो’ माझ्या हातात नाही. पुढची दीड मिनिटं आहेत.

तिसरा दिवस स्वतःची ओळख करून देण्यात गेला आणि माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा दिवस होता. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये एका काल्पनिक माणसाचं वर्णन सहा विशेषणांत करून लोकांना ऐकवलं: हुशार, कष्टाळू, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हीच यादी उलटी, मत्सरीपासून सुरू करून. शब्द तेच, माणूस तोच, पण पहिल्या गटाला तो जास्त चांगला वाटला. पुढच्या शब्दांचा अर्थ आधीच्या शब्दांच्या उजेडात लागतो. हुशार माणसाचा हट्ट म्हणजे ठाम मत, आणि मत्सरी माणसाची हुशारी म्हणजे कावा.

आता माझी ओळख. ‘मी काही एक्सपर्ट नाही, पण १४ वर्षं मशीनवर काम केलंय.’ वाक्यातली माहिती खरी आहे. पण ‘पण’च्या अलीकडे जे ठेवलं त्याच्या उजेडात पलीकडची १४ वर्षं मिणमिणती दिसतात. उलटं करून पाहिलं, ‘१४ वर्षं काम केलंय, पण या मशीनची एक्सपर्ट नाही.’ हेही रडकंच. शेवटी बाईंनी सुचवलं, ‘पण’ काढूनच टाका. दोन वेगळी वाक्यं करा आणि दुसऱ्यात काहीतरी घडू द्या. बऱ्याच खाडाखोडीनंतर जे उरलं ते हे: ‘मी १४ वर्षं मशीनवर काम केलंय. या नव्या मशीनवर सात महिने झाले, त्यातले पहिले दोन महिने ते मला रोज बंद पडून दाखवायचं.’ यात मी तज्ज्ञ असल्याचा दावा नाही आणि रडगाणंही नाही. ऐकणाऱ्या ऑपरेटरला लगेच कळतं की हिचेही हात काळे झालेत.

मग सर्वनामं. मला वाटलं होतं, ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘तू’ एवढंच. तेवढंही सोपं नव्हतं. माझ्या तुकडीत माझ्यापेक्षा १५ वर्षांनी मोठे लोक असणार होते आणि एक मैत्रीणही, जिला मी शाळेपासून ‘अगं’ म्हणते. सगळ्यांना ‘तुम्ही’ आणि तिला ‘तू’ म्हटलं तर बाकीच्यांना वाटणार, ही हिच्या गोटातली. तिला ‘तुम्ही’ म्हटलं तर ती जन्मभर चिडवणार. मी आदल्या दिवशी तिला सांगून टाकलं की तीन तास तू माझी ‘तुम्ही’ आहेस. तिने चिडवलंच, पण वर्गाबाहेर.

खरी गंमत ‘आपण’ आणि ‘आम्ही’त आहे. आपल्या भाषेत ऐकणाऱ्याला धरून बोलायला एक शब्द आहे आणि त्याला वगळून बोलायला दुसरा. कितीतरी भाषांना दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो. ‘आम्ही हे मशीन आणलंय’ म्हटलं की मी टेबलाच्या पलीकडे, साहेबांच्या रांगेत जाऊन बसले. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘आम्ही’ पाच वेळा होतं आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी सगळे खोडून ‘आपण’ केले. तर बाई हसल्या. ‘आपण आता वहीत लिहून घेऊ या’, असं म्हणून तुम्ही लिहिणार आहात का? रुग्णाला ‘आपण आता गोळी घेऊ या’ म्हणतात तसलं ‘आपण’ मोठ्या माणसांना लगेच टोचतं. ज्या कामात मी खरंच सामील आहे तिथे ‘आपण’. त्यांनी करायचं तिथे सरळ ‘तुम्ही करा’. चुका सांगताना मात्र ‘तुम्ही चुकता’ यापेक्षा ‘इथे मी चुकले होते’ हे सगळ्यात चांगलं, अर्थात खरं असेल तर. माझ्या बाबतीत खऱ्याचा तुटवडा नव्हता.

शब्दांच्या निवडीवर फार वेळ गेला नाही. रोज सगळे ‘गार्ड’ म्हणतात तिथे ‘सुरक्षा आवरण’ म्हणायचं नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी उलट्या बाजूने घसरले. सरावात ऑपरेटरांसारखं बोलायचं म्हणून मी मुद्दाम रांगडा सूर लावला, तर माझाच एक सहशिबिरार्थी म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही सुपरवायझर म्हणून ओरडता तेच बरं वाटतं.’ बोलताना माणसं नकळत एकमेकांच्या जवळ सरकतात, हॉवर्ड जाइल्स या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून यावर पुष्कळ लिहिलंय. पण मुद्दाम सरकलं की नक्कल होते.

चौथ्या दिवशी जे झालं ते मी अजून विसरलेले नाही.

बाईंनी मला पाच सूचना द्यायला सांगितल्या आणि बाकीच्यांना खोलीच्या शेवटच्या भिंतीशी बसवून, जे ऐकू येईल ते लिहायला सांगितलं. मी सूचना दिल्या. त्यातली एक होती, ‘लाल दिवा चालू असताना गार्ड उघडायचं नाही.’ कागद गोळा झाले. आठांपैकी दोघांनी लिहिलं होतं, ‘लाल दिवा चालू असताना गार्ड उघडायचं.’

मी भांडले. म्हटलं, थोडी अक्कल वापरली असती तर कळलं असतं. बाई म्हणाल्या, ‘मशीन नवीन आहे. त्यांना काय माहीत, लाल दिवा म्हणजे काय?’ मग रेकॉर्डिंग लावलं. वाक्याच्या सुरुवातीला माझा आवाज खणखणीत, मग उतरत उतरत ‘उघडायचं’पर्यंत ठीक, आणि ‘नाही’ छातीतल्या उरल्यासुरल्या हवेवर कसंबसं तरंगत आलेलं. इतकी वर्षं मी मराठी बोलतेय, पण आपल्या वाक्याचा सगळा जीव शेवटी असतो हे तेव्हा कळलं. क्रियापद शेवटी. नकार तर त्याच्याही पलीकडे, अगदी टोकाला. आणि माणूस घाबरलेला असला की वाक्याच्या टोकापाशीच त्याचा श्वास संपतो. घाबरलेलं आपण असतोच, सुरुवातीच्या दीड मिनिटांत सगळ्यात जास्त.

त्यावरचा उपाय वाक्य लहान करणं हा होता, आणि आणखी एक, जो मला बेहद्द आवडला. नकार येतोय याची वर्दी आधी द्यायची. ‘लाल दिवा चालू आहे? गार्डला अजिबात हात लावायचा नाही.’ ‘अजिबात’, ‘मुळीच’, ‘कधीच’ हे शब्द वाक्याच्या मध्येच सांगून ठेवतात की पुढे ‘नाही’ येणार आहे. शेवटचं अक्षर हवेत विरलं तरी अर्थ शाबूत राहतो. आता मी सुरक्षेची प्रत्येक सूचना अशीच देते.

थांबण्याबद्दलही त्याच दुपारी. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंगं ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, आणि मग स्वतःच बोलायला लागतात. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात. तीन सेकंद ऐकायला किती किरकोळ वाटतात! पण १० भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास निघालं. म्हणजे तीन सेकंद हा नेहमीच्या गप्पांतल्या अंतराच्या पंधरापट काळ. समोर उभं राहून तो काढायचा म्हणजे पाण्याखाली श्वास धरल्यासारखं होतं. मी पाठीमागे हात घेऊन बोटांवर मोजायचे.

माझं ‘ठीक आहे? ठीक आहे.’ आता मला नीट कळलं. पहिला प्रश्न विचारून मीच उत्तर दिलं की सगळ्या खोलीला कळतं, ही बाई विचारते ते उत्तरासाठी नाही. पुढच्या तीन तासांत मी कितीही जीव तोडून विचारलं तरी कुणी बोलणार नाही. आणि मग आपण जेवणाच्या सुट्टीत म्हणायचं, तुकडी थंड होती.

‘म्हणजे’ किती वेळा आलं, ‘अं’ किती वेळा, हे शोधायच्या मागे आमच्यातले काही जण फार लागले होते. बाईंना त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. ‘अं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, हा विचार करतोय, थांबू या. माझ्या ‘म्हणजे’मध्ये विचार नव्हता, नुसता रेटा होता, म्हणून तेवढं कमी करा म्हणाल्या. सात वरून तीनवर आले. त्याखाली अजून गेलेले नाही.

शिबिर संपून नऊ दिवसांनी माझी पहिली खरी तुकडी, १८ ऑपरेटर. मी अर्धा तास आधी जाऊन दाराशी उभी राहिले. बहुतेकांना मी ओळखतच होते, तरी जी सहा नावं नवी होती ती विचारून घेतली. सगळे बसले. मी समोर आले, काही क्षण नुसती बघत उभी राहिले आणि म्हणाले, ‘आज इथे यायची इच्छा नव्हती असे किती जण आहात? खरं सांगा.’

एकही हात वर आला नाही.

शेवटच्या रांगेत विभागप्रमुख बसले होते. ‘सहज बघायला आलोय’ म्हणून. त्यांच्यादेखत कोण हात वर करणार? रेकॉर्डिंगमध्ये यानंतर कुणीतरी खोकतं आणि एक बाई एकटीच हसते. ती मी. बाईंचा प्रश्न बाईंच्या खोलीसाठी होता. तिथे आम्ही एकमेकांना अनोळखी होतो, साहेब कुणाचाच नव्हता. मी त्यांचे शब्द उचलले आणि ते ज्या जमिनीत रुजले होते ती तिथेच सोडून आले.

पुढचं वाक्य ठरलेलं नव्हतं. तोंडात काय आलं तर ‘बरं, मग निदान माझा तरी हात वर.’ आणि मी खरंच हात वर केला. दोघं-तिघं हसले. मग स्वतःची ओळख, सात महिने, बंद पडून दाखवणारं मशीन. तिथे जरा बरं हसले. आणि मग मी माझा स्वतःचा प्रश्न विचारला, शिबिरात घासूनपुसून घेतलेला: ‘या मशीनजवळ उभं राहायचं म्हटलं की सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?’

पाठीमागे बोटं मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार. पुढच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, ‘भीती कसली त्यात.’ मी मान हलवली, थांबून राहिले. पाच. तेव्हा भिंतीजवळ बसलेले एक जुने ऑपरेटर, जे माझ्याही आधीपासून मशीनवर आहेत, अगदी शांतपणे म्हणाले, ‘प्रशिक्षणाची.’

खोलीत हशा फुटला. विभागप्रमुखसुद्धा हसले.

शिबिराच्या आधीची मी असते तर म्हटलं असतं, ‘चला, गंमत पुरे, विषयाकडे वळू या.’ तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी फळ्याकडे वळले, ‘१. प्रशिक्षण’ असं लिहिलं आणि विचारलं, ‘त्यातलं नेमकं काय?’ ते जरा चमकले. त्यांना वाटलं नव्हतं मी पुढे विचारेन. मग म्हणाले, ‘मागच्या मशीनच्या वेळी सगळं कागदावरून वाचून दाखवलं होतं. आठवड्याने मशीन अडकलं तेव्हा तो कागद कुणाजवळच नव्हता.’ मी विचारलं, मग काय केलंत? ते सांगायला लागले. त्यांचं संपेपर्यंत त्यांच्या पुढच्याने सुरुवात केली. एकीला भीती होती सेन्सरची, तो कधी थांबवेल त्याचा नेम नाही म्हणून. भीती कसली म्हणणारा मुलगा शेवटी म्हणाला, ‘मॅडम, त्या स्क्रीनवर सगळं इंग्रजीत येतं.’ मी सगळं लिहीत गेले. फळा भरला तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या पहिल्या तासातले अर्धे मुद्दे त्यांच्या तोंडून येऊन गेलेत.

ते रेकॉर्डिंग मी दोनदा ऐकलं. पहिली दीड मिनिटं कानांवर हात ठेवून ऐकावीत अशीच आहेत. त्यातला एक प्रश्न उसना आणि फसलेला, एक हशा केविलवाणा. त्या दीड मिनिटावरून कुणी गुण दिले असते तर मी काठावर पास झाले असते. पण ‘प्रशिक्षणाची’नंतर, साधारण पाचव्या मिनिटापासून, त्यात माझ्यापेक्षा इतरांचेच आवाज जास्त आहेत. बाईंना फोन करून सांगितलं, तर त्यांनी विचारलं, ‘त्यांनी उत्तर दिल्यावर तुम्ही पहिला शब्द कोणता बोललात?’ मी म्हटलं, ‘काहीच नाही, लिहिलं.’ त्या म्हणाल्या, ‘हं.’ एवढंच. त्यांचा हा ‘हं’ कसा घ्यायचा हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर अकरा तुकड्या झाल्या. दर तुकडीची पहिली दीड मिनिटं मी अजूनही रेकॉर्ड करते आणि रात्री बसून उतरवून काढते. घरचे हसतात. दारातली ओळख, ‘पण’ नसलेली दोन वाक्यं, ‘अजिबात’ची वर्दी, हे आता आपोआप होतं. उसना प्रश्न मी पुन्हा वापरलेला नाही.

गेल्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग कालच उतरवलं. ‘म्हणजे’ चार. ‘आम्ही’ एकदाही नाही. चाळिसाव्या सेकंदाला, स्वच्छ, ठणठणीत आवाजात: ‘तुमचा फार वेळ घेणार नाही.’

सत्र तीन तासांचंच होतं.